साताऱ्यात जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालात? आधी ऑफिस समजून घ्या

पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून) सातारा जिल्हा मिळाला, समुपदेशनात शाळा पदरात पडली, नेमणुकीचा आदेश हातात आला. शिकवायचं कसं ते मी सांगत बसत नाही. त्याची तयारी तुम्ही करून आला आहात आणि उरलेलं पहिलीची मुलं महिनाभरात शिकवतील. कुठल्याही डी.एड. कॉलेजात शिकवत नाहीत ते ऑफिस. आपला पगार कुठे तयार होतो, रजेचा अर्ज कुणाकडे जातो, आजारी पडलो तर कुणाला कळवायचं, ग्रुपवर आलेलं परिपत्रक खरं की खोटं, हे ज्याचं त्याने ठेचा खात शिकायचं अशी आपल्याकडची रीत आहे. नांदेड, परभणी, यवतमाळकडून इथे आलेल्या नवीन शिक्षण सेवकांना (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकांना) त्यातल्या चार ठेचा तरी कमी लागाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तोंडी बोलणं झालं म्हणजे काम झालं नाही. अर्ज दिला, आवकला, म्हणजे ऑफिसात आलेल्या पत्रांच्या वहीत, नोंदवला, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला, की अर्ज झाला.

ऑफिस नेमकं कुठे आहे

जिल्ह्यात अकरा तालुके. सातारा, कराड, पाटण, वाई, कोरेगाव, फलटण, खंडाळा, महाबळेश्वर यांत घोटाळा नाही. तालुक्याचं नाव तेच गावाचं नाव. पण खटाव तालुक्यात शाळा मिळाली म्हणून एसटीने खटाव गावात उतराल, तर पंचायत समिती तिथे नाही, वडूजला आहे. माणची दहिवडीला, जावळीची मेढ्याला. प्रशिक्षणासाठी ‘डाएटला या’ असा निरोप आला तर साताऱ्याची गाडी धरू नका. आपल्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणला आहे.

उतरंड अशी. शाळेत मुख्याध्यापक. दहा-पंधरा शाळांचं मिळून केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख. काही केंद्रांचं मिळून बीट, तिथे शिक्षण विस्तार अधिकारी. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, ज्यांना सगळे बीईओ साहेब म्हणतात. साताऱ्याला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. त्याच जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचंही ऑफिस आहे. ते खासगी हायस्कूलांचं काम पाहतं, तुमचं नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय असल्यामुळे ओळखीपाळखीत निम्मे शिक्षक रयतचे निघतात. ते आपुलकीने सल्ला देतात, पण त्यांना १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा लागू आहे. तुम्हाला जिल्हा परिषदेचे सेवा नियम. त्यांच्या रजेचं, बढतीचं गणित तुमच्या वहीत उतरवून घेऊ नका.

तुमची नव्वद टक्के कामं तालुक्यालाच होतात. साताऱ्याला धाव घेण्याआधी केंद्रप्रमुखांना विचारा. आणि तालुक्याच्या ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न ‘साहेब आहेत का’ असा नको, ‘अमुक विषयाचं टेबल कुणाकडे आहे’ असा विचारा. पगाराचं टेबल वेगळं, सेवापुस्तकाचं वेगळं, वैद्यकीय बिलांचं वेगळं. ‘माझ्याकडे ते टेबल नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्यात राग नसतो, ती वस्तुस्थिती असते.

रुजू होण्याचा दिवस

शाळा भरण्याआधी पोहोचा. रुजू अहवालात ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्होत्तर’ हे लिहावं लागतं आणि अर्ध्या दिवसाने पुढे काय फरक पडतो हे आज कळणार नाही. तुमची शिक्षण सेवकाची तीन वर्षं याच तारखेपासून मोजली जातात, ज्येष्ठतेचा प्रश्न आला तरी हीच तारीख काढून बघतात. अहवालाच्या चार प्रती करा. एक शाळेत, एक केंद्रात, एक पंचायत समितीत, एक तुमच्याकडे. तुमच्याकडच्या प्रतीवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि पंचायत समितीच्या आवकचा शिक्का, दोन्ही पाहिजेत.

आवकचा शिक्का म्हणजे काय ते एकदा नीट बघून घ्या. कार्यालयाचं नाव, खाली ‘आवक क्र.’ आणि ‘दिनांक’ अशा दोन मोकळ्या रेघा. भाऊसाहेब (म्हणजे तिथले कारकून) जाडजूड नोंदवहीत तुमच्या पत्राचा विषय एका ओळीत लिहितात, तो क्रमांक शिक्क्यात पेनाने भरतात. नुसता शिक्का मारून क्रमांक रिकामा ठेवलेली प्रत घेऊन घरी येऊ नका. ‘भाऊसाहेब, नंबर टाकून द्या की’ म्हणायला लाजू नका, कुणी वाईट मानत नाही. सहा महिन्यांनी ‘तुमचा अर्ज मिळालाच नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्या नंबरावरून पाच मिनिटांत पत्र सापडतं.

सोबत लागणारी कागदं तुमच्या आदेशात लिहिलेली असतात: शैक्षणिक प्रमाणपत्रं, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) निकाल, जात वैधता प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, संगणक अर्हता, जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शेवटच्यासाठी साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात जावं लागतं. सकाळी लवकर जा आणि आदेशाची प्रत बरोबर ठेवा.

एक गोष्ट मात्र आजच तपासा, ती म्हणजे नावाचं स्पेलिंग. दहावीच्या सनदेवर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेत आडनाव आधी. शिकवायला यातलं काहीच आड येत नाही, पगाराला सगळंच आड येतं. लग्न झालेल्या भगिनींनी तर नाव माहेरचं ठेवायचं की सासरचं हे रुजू होतानाच ठरवावं. बदलायचं असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून मग सगळीकडे एकसारखं करावं. निम्मं इकडे, निम्मं तिकडे असं केलेलं प्रकरण वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

पहिला पगार

शिक्षण सेवकाचं मानधन प्राथमिकला महिना १६,००० रुपये आहे. २०२३ पर्यंत ते सहा हजारांवर अडकलेलं होतं, त्यामुळे जुने लोक ‘तुमची मजा आहे’ म्हणतील. म्हणू द्या. खोलीभाडं, पेट्रोल आणि गावी पाठवायचे पैसे वजा केले की मजा कुठे राहते ते तुम्हालाही दिसेल.

पगार शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतून होतो. तुमचा शालार्थ आयडी मंजूर झाल्याशिवाय बिलात नाव येत नाही. त्यामुळे पहिला पगार पहिल्या महिन्यात होईल असं धरून चालू नका. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या. राहिलेले महिने नंतर पुरवणी बिलाने मिळतात, बुडत नाहीत. पण ते पुरवणी बिल लावलं का, हे विचारत राहणं तुमचं काम आहे. आपल्या तालुक्याचं पगारबिल कोणत्या तारखेला बंद होतं हे मुख्याध्यापकांकडून जाणून घ्या. बँक खात्यातला बदल, नवी कपात, काहीही असो, त्या तारखेआधी पोहोचलं तर या महिन्यात, नाहीतर पुढच्या.

पगार जमा झाल्याचा मेसेज बघून थांबू नका, स्लिप वाचा. व्यवसाय कर महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो, वर्षाला २,५००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगाराला तो माफ आहे, म्हणजे शिक्षण सेविकेच्या स्लिपवर ही कपात दिसली तर विचारायला हवं.

तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी: एस-१०, २९,२०० ते ९२,३००. ती आपोआप लागत नाही, प्रस्ताव जावा लागतो. तिसरं वर्ष सरायच्या दोन-तीन महिने आधीच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. प्रस्ताव अडतो तो बहुधा न आलेल्या पडताळणी अहवालावर किंवा एखाद्या न जोडलेल्या प्रमाणपत्रावर. पुढे घरभाडे भत्त्याला मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात, तेव्हा गावाशी संबंध पहिल्यापासून नीट ठेवा. १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी. आज त्याचा विचार नको.

नियमित झालात की राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना सहसा जुनी पेन्शन नाही, तेव्हा स्टाफरूममधले निवृत्तीला आलेले गुरुजी जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) काढलेल्या ॲडव्हान्सच्या गोष्टी सांगतील त्या नुसत्या ऐकायच्या. तुमचे १० टक्के, सरकारचे १४ टक्के. प्राण क्रमांक (या योजनेतला तुमचा खाते क्रमांक) मिळाला की वर्षातून एकदा खातं उघडून दोन्ही रकमा महिन्याच्या महिन्याला जमा आहेत का ते मोजा. एखादा महिना गाळला गेला असेल तर तो त्याच वर्षी दाखवून देणं सोपं.

कर्जाचं एक. आपल्याकडे शिक्षकांची स्वतःची बँक आहे, सातारा जिल्हा प्राथमिक शिक्षक सहकारी बँक, शिवाय तालुक्या-तालुक्याला पतसंस्था. गरजेला सहकारी संस्थेचं कर्ज सावकारापेक्षा कितीतरी बरं. सभासद जरूर व्हा. मात्र शिक्षण सेवक असेपर्यंत कुणालाही जामीन राहू नका. कर्जदाराने हप्ते थकवले तर जामीनदाराच्या पगारातून वसुली होते, आणि ‘नुसती सही तर पाहिजे’ असं म्हणणारा माणूस त्या वेळी फोन उचलतोच असं नाही.

सेवापुस्तक: वर्षातून एकदा हातात घ्या

ते तालुक्याला कपाटात असतं. पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, ओळखीच्या खुणा, बोटांचे ठसे, सह्या. पुढच्या पानांवर नेमणूक, वेतनवाढ, रजा, प्रशिक्षण, बदली. तुमच्या नोकरीतलं जे त्यात नाही, ते निवृत्तीच्या वेळी घडलेलंच नसतं.

दरवर्षी मागील वर्षाची सेवा पडताळल्याची नोंद त्यात व्हायला हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ऑफिसला सवड असते, तेव्हा एक अर्ज देऊन सेवापुस्तक बघायला मागा. बघताना जन्मतारीख अंकात आणि अक्षरात दोन्हीकडे जुळते का, रुजू तारीख बरोबर आहे का, कुठे खाडाखोड आहे का आणि असल्यास तिच्यावर साक्षांकन आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. जन्मतारखेत चूक असेल तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. नंतर तो ऐकून घेत नाहीत. दुय्यम सेवापुस्तक करून मिळतं, ते घरी ठेवा आणि दरवर्षी मूळ पुस्तकाप्रमाणे पूर्ण करून घ्या. काही ऑफिसांत आजही माणसं बदलतात, इमारती बदलतात, कपाटं हलतात.

नामनिर्देशन विसरलं जातं ते इथेच. गटविमा, उपदान (ग्रॅच्युइटी), निवृत्तिवेतन योजना, प्रत्येकाचा नमुना वेगळा. अविवाहित असताना आईचं नाव दिलेलं असतं, लग्न होतं, मुलं होतात, नमुना तसाच. अशा वेळी काही बरंवाईट झालं तर वारसाच्या दाखल्यासाठी घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. लग्नाचा दाखला जोडून नवीन नमुना दिला की झालं.

रजा

वर्षाला १२ किरकोळ रजा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं तर निम्म्या दिवसांची पूर्ण पगारी, म्हणजे परावर्तित रजा करता येते. आपण दीर्घ सुट्टी मिळणारे कर्मचारी, म्हणून ऑफिसातल्या लोकांसारखी अर्जित रजा आपल्याकडे साचत नाही. प्रसूती रजा १८० दिवस. बालसंगोपन रजा सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. ती महिलांना, आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही मिळते. नेमणूक शिक्षण सेवकाची असेपर्यंत यातलं काय लागू होतं ते आदेशातल्या अटींत वाचा.

अर्ज आधी, रजा नंतर. द्विशिक्षकी शाळेत तुम्ही अचानक गैरहजर राहिलात तर दुसऱ्या शिक्षकावर चार वर्ग येतात आणि नेमकी त्याच दिवशी भेट असते. अडचण रात्री आली तर मुख्याध्यापकांना फोन आणि मेसेज दोन्ही, अर्ज हजर झाल्याच्या दिवशी. हजेरीवर मागाहून सही करण्याच्या भानगडीत कधी पडू नका, कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी.

आजारपण आलं तर

वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, पण १९६१ च्या नियमांनुसार आणि ठरलेल्या आजारांना. खासगी दवाखान्यात तातडीने दाखल व्हावं लागलं तर २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे, २००५ च्या शासन निर्णयातली. ती छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दवाखान्यात असताना ती शोधायची शुद्ध कुणाला नसते.

दाखल झाल्यावर घरच्या माणसाने लगेच मुख्याध्यापकांना कळवायचं आणि जमेल तितक्या लवकर लेखी अर्ज ऑफिसला पोहोचवायचा. निघताना डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, प्रत्येक औषधाची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, सगळं मूळ प्रतीत. एकगठ्ठा ‘औषधे: अमुक हजार’ असं लिहिलेलं बिल चालत नाही. तातडीचं प्रमाणपत्र आणि विहित नमुने डॉक्टरांकडून तिथेच भरून, सही-शिक्क्यासह घ्या. पंधरा दिवसांनी फक्त एका सहीसाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठायचं म्हणजे एक रजा आणि वर गाडीभाडं. पुढे प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासायला जातो, काही बाबी छाटल्या जातात, पैसे यायला वेळ लागतो. पूर्ण रक्कम मिळेल असं धरून कर्ज काढू नका. सगळी कागदं देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

ग्रुपवर आलेली बातमी

केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, प्रत्येक संघटनेचा एकेक ग्रुप. बदल्या, बढत्या, निवृत्त होणाऱ्यांचे सत्कार, पुरस्कार, नवीन साहेब आले, सगळं तिथेच कळतं. त्यात गोड भाग पुष्कळ आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचे नायगावचे फोटो येतात (त्यांचं जन्मगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात), शिक्षक दिनाला आदर्श शिक्षकांची यादी येते. अभिनंदनाचे हार-तुरे टाकताना एकच पथ्य: यादी सहीची आहे का ते बघा. संभाव्य यादीवर अभिनंदन झालेला माणूस अंतिम यादीत नसला की आठवडाभर तोंड चुकवत फिरतो.

नियमांची बातमी मात्र अशी घ्यायची नाही. ‘मोठी बातमी, आजच जीआर (शासन निर्णय) निघाला’ म्हणून काही आलं की आधी सांकेतांक शोधा. राज्य शासनाच्या शासन निर्णयावर अठरा आकडी सांकेतांक असतो. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस; शेवटचे दोन विभागाचे, शालेय शिक्षणचे २१. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद निघतो. निघाला नाही तर पुढे पाठवू नका. आकडा आहे पण तारीख तीन वर्षांपूर्वीची, असंही होतं; दर बदलीच्या हंगामात जुने आदेश नव्याने फिरतात. आणि निघाला तर शेवटचं पान वाचा: कुणाला लागू, कधीपासून. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दल निकाल आला, तेव्हा एका निकालाचे ग्रुपवर दहा अर्थ निघाले. टीईटी पास असलेल्या नव्या मुलांनीही झोप घालवली.

परिपत्रक, शासन निर्णय आणि कुणीतरी मीटिंगमध्ये टिपून घेतलेले मुद्दे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यावर विसंबून पैसे किंवा रजा खर्चू नका. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीवर ज्येष्ठता यादी निघते, ती मात्र स्वतः डाउनलोड करून आपलं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग तपासा. हरकतीला मुदत असते.

अडचण आली, कुणाला सांगू

सुरुवात मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखांपासून, तोंडी. आठ-दहा दिवसांत हललं नाही तर लेखी. मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी; प्रत्येक पत्रात मागच्या पत्राचा आवक क्रमांक. एका पत्रात एकच विषय लिहा, कारण दोन विषयांचं पत्र दोन टेबलांच्या मध्ये अडकतं. लोकशाही दिनात (लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या सरकारी दिवशी) सेवाविषयक तक्रारी घेत नाहीत, तिथे हेलपाटा नको. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर मिळतं, पण माझ्या मते पहिल्याच महिन्यात ते हत्यार काढायची गरज नसते. दोन स्मरणपत्रांनंतर खुशाल काढा. संघटनेचे तालुका पदाधिकारी ओळखीचे असू द्या. कुठल्या संघटनेत जायचं ते सावकाश ठरवा, पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन चौघे येतील.

महिला शिक्षकांना कामाच्या ठिकाणी त्रास झाला तर वरची उतरंड पाळायची गरज नाही. २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे थेट तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. ‘शाळेचं नाव खराब होईल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि एकटेपणाचं. तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या पाण्याकाठच्या वाडीत, जिथे लाँचने जावं लागतं आणि पावसाळ्यात चार-चार दिवस फोन लागत नाही, तिथे तेवीस-चोवीस वर्षांचं घरापासून चारशे किलोमीटरवर आलेलं पोर कोमेजतं. यात लाजण्यासारखं काही नाही. महिन्याची शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक) चुकवू नका; प्रशिक्षणापेक्षा तिथली जेवणाची सुट्टी जास्त कामाची असते. झोप उडाली, मन लागेना झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवस-रात्र, मराठीत बोलतात.

बदली

पहिल्या वर्षी बदलीचा विचार करू नका असं सगळेच सांगतात आणि सगळेच करतात. जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात. प्राधान्याचा क्रम असा: विशेष संवर्ग भाग एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजार वगैरे, भाग दोनमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण, मग बदली अधिकार प्राप्त, मग बदलीपात्र. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरातली शाळा असेल तर ती अवघड क्षेत्राच्या यादीत आहे का ते बघा; पाऊस, रस्ता, मोबाइलची रेंज, वन्यप्राण्यांचा वावर असे निकष लावून ती यादी होते आणि तिथली सेवा पुढे बदलीचा अधिकार मिळवून देते. त्या शाळेत किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होतात याचा मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला दरवर्षी घ्या. पोर्टलवर शाळेचा प्रकार चुकीचा दिसला तर हरकत मुदतीतच द्यायची, नंतर कुणी काही करू शकत नाही.

बदली झाली की कार्यमुक्तीचा आदेश, शेवटचं वेतन प्रमाणपत्र, ताब्यातल्या वस्तूंची आणि दप्तराची यादी सहीने सोपवल्याची पोच, रजेचा हिशोब. टॅब, ग्रंथालयाची पुस्तकं, शालेय पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, सगळं मोजून द्या आणि नवीन तालुक्यात सेवापुस्तक पोहोचलं का ते पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.